घरातली संख्या की घरातला शब्द?

निकालपत्रक संगणकावर तयार करताना हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. हजेरी क्रमांक ००७ असा टाइप केला, एंटर कळ दाबली आणि तक्त्याच्या घरात उरला नुसता ७. 'पाचवी ते सातवी' थोडक्यात लिहावे म्हणून ५-७ असे लिहिले, तर तेथे '५ जुलै' ही तारीख अवतरली! संगणक बिघडला का? नाही. त्याने फक्त एक अंदाज केला. असा अंदाज करण्याची त्याला गरज का भासली, हे कळण्यासाठी आपल्याला स्प्रेडशीटच्या जन्मापर्यंत मागे जावे लागेल.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हा अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. वर्गात फळ्यावर मोठमोठे आर्थिक तक्ते मांडले जात. त्यातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असणारे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम संगणकाने आपोआप करावे, अशी कल्पना त्याला सुचली. त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने आज्ञावली लिहिली आणि १९७९ मध्ये 'ॲपल-२' या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आले.

व्हिसिकॅल्कच्या प्रत्येक घरात दोनच प्रकारची माहिती राहू शके : लेबल, म्हणजे नुसता वाचायचा मजकूर, आणि व्हॅल्यू, म्हणजे गणितात वापरायचे मूल्य. प्रकार ठरे तो पहिल्या कळीवरून. अक्षर दाबले तर लेबल. अंक किंवा अधिक-उणे चिन्ह दाबले तर व्हॅल्यू. अंकाने सुरू होणारा मजकूर लिहायचा असेल, तर आधी दुहेरी अवतरणचिन्ह द्यावे लागे. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' मध्ये याच कामासाठी एकेरी अवतरणचिन्ह वापरत. एक्सेलमध्ये ते आजही चालते.

एक्सेलसारख्या पुढच्या आज्ञावल्या मात्र एक पाऊल पुढे गेल्या. घरात लिहिलेले तारखेसारखे दिसले, तर त्या त्याची तारीखच करून टाकतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. एक्सेलमध्ये तारीख ही मुळात एक संख्याच असते. १ जानेवारी १९०० ला १ मानून मोजलेला तो दिवसांचा क्रमांक. १ मार्च २०२४ म्हणजे ४५३५२. 'तारीख' हा त्या संख्येने घातलेला पोशाख. आपण नंतर घराचा प्रकार बदलून 'मजकूर' केला, तर पोशाख उतरतो आणि ४५३५२ दिसते. आपण मुळात काय लिहिले होते, ते परत येत नाही. कारण ते साठवलेलेच नसते.

याचा फटका विज्ञानालाही बसला. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडल्या, की या नावांच्या जागी १ मार्च, २ सप्टेंबर अशा तारखा येत. २००४ मध्ये बॅरी झीबर्ग आणि सहकाऱ्यांनी हा धोका शोधनिबंधातून दाखवून दिला. तरीही चुका होतच राहिल्या. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले. त्यांतील ७०४ निबंधांत, म्हणजे जवळजवळ पाचातल्या एकात, असे दोष सापडले.

अखेर माघार घेतली ती शास्त्रज्ञांनी. जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये नामकरणाचे नवे नियम प्रसिद्ध केले. 'मार्च१' चे झाले 'मार्चएफ१' आणि 'सेप्ट१' चे 'सेप्टिन१'. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय आली ती २०२३ मध्ये!

आपल्या दप्तरातही हा धोका आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सरल प्रणालीतील १९ अंकी विद्यार्थी क्रमांक संख्या म्हणून लिहिला, तर शेवटचे चार अंक शून्य होतात आणि नंतर प्रकार बदलून ते परत मिळत नाहीत. उलट, मजकूर म्हणून शिरलेले गुण संख्येसारखे दिसतात, पण घरांची बेरीज करणारे सूत्र त्यांना वगळते.

म्हणून लिहिण्याआधीच प्रकार ठरवावा. त्यासाठी एक साधा प्रश्न पुरे : या दोन आकड्यांची बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? गुणांची बेरीज होते. दूरध्वनी क्रमांकांची होत नाही. दूरध्वनी क्रमांक अंकांनी लिहिला तरी ते नावच आहे. वर्गात पिनकोड, वय, इयत्ता, उंची अशी यादी देऊन हा प्रश्न विचारून पाहा. इयत्तेवर मुले नक्की वाद घालतील, आणि तो वाद ऐकण्यासारखा असेल.