खिंड उघडण्याचा हिशेब

सरकारी कामाचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्घाटनाच्या तारखांनी लिहिला जातो. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजिला खिंड त्याला अपवाद नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये भारतीय रणगाडे या खिंडीतून पलीकडे गेले. पुढे 1960 साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली आणि हिवाळ्यानंतर खिंड मोकळी करणे हे वार्षिक कर्तव्य ठरले. एकेकाळी पाच-सहा महिने बंद राहणारा हा रस्ता 2022 साली 73 दिवसांत, 2023 साली 68 दिवसांत, तर 2025 साली अवघ्या 32 दिवसांत पुन्हा खुला झाला.

ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील की, या बचतीची किंमत कोणाच्या खात्यावर पडली? बंदीचे दिवस कमी करायचे म्हणजे बर्फ स्थिरावण्यापूर्वीच यंत्रे खिंडीत न्यायची. एका बाजूला हिमभारित उतार, दुसऱ्या बाजूला दरी, आणि रस्त्याची कड बर्फाखाली अदृश्य. डोझरच्या आवाजात चालकाला वरून सुटलेला हिमलोट ऐकू येत नाही. म्हणून उतारावर नजर ठेवणारा बाहेरचा माणूस हा केवळ मदतनीस नव्हे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो यंत्राचाच भाग होय. स्नो कटरच्या पात्यांत बर्फ अडकला तर इंजिन बंद केल्यावाचून तो काढू नये, कारण बंद यंत्रातही अडकलेले पाते ताण सुटताच झटक्याने फिरू शकते. घाई झाली की पहिला बळी अशा नियमांचाच जातो.

हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी देशात 1969 पासून स्वतंत्र संस्था उभी राहिली. जानेवारी 2024 मध्ये सीमा रस्ते संघटनेच्या रोजंदारी कामगारांसाठी दहा लाख रुपयांची विमा योजना मंजूर झाली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र विमा मृत्यूनंतर मिळतो. 28 फेब्रुवारी 2025 रोजी उत्तराखंडातील माणा येथे संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमलोट कोसळला. 54 जण सापडले. 46 वाचले, आठ दगावले. धोका केवळ यंत्राच्या आसनावर नसतो, विश्रांतीच्या जागीही असतो, हा त्याचा धडा.

प्रशासन जे मोजते, तेच साध्य करते. तेव्हा खिंड किती दिवसांत उघडली या आकड्याशेजारीच, धोक्याच्या इशाऱ्यामुळे काम किती दिवस थांबविले, हाही आकडा अहवालात छापला जावा. आणि काम थांबविणाऱ्या अभियंत्याकडून विलंबाचा खुलासा मागितला जाऊ नये. तसे झाले, तरच नियमपुस्तिका खिंडीपर्यंत पोहोचेल.