पदवीनंतरचे बिऱ्हाड

मुलगा वा मुलगी पदवीधर झाली, पेढे वाटून झाले, की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो : आता कोणत्या शहरी जावयाचे? आपल्या सभासद कुटुंबांत यंदाही हा खल चालू असेलच. पुणे की मुंबई, बंगळूर की हैदराबाद, की एकदम परदेश? वडील पगार विचारतात. आई विचारते, राहणार कोठे आणि जेवणार काय? गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळता आईचाच प्रश्न अधिक निर्णायक ठरत आला आहे, असे आमचे मत झाले आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1862 साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. या पिढीपुढे शहर निवडण्याचा प्रश्न फारसा आलाच नाही. सरकारी नोकरी हीच मोठी वाट होती व शहर सरकार ठरवीत असे. भांडारकर सिंधमधील हैदराबादेस मुख्याध्यापक होऊन गेले व पुढे रत्नागिरीस आले. रानडे 1871 साली न्यायखात्यातील जागेवर पुण्यास आले, तेथील सार्वजनिक कार्याचे आधारस्तंभ झाले. परंतु सरकारच्या मनात संशय शिरला आणि 1878 साली नाशिक, पुढल्याच वर्षी धुळे, अशा बदल्या झाल्या. तथापि हुद्देदाराला जागा नाकारतो कोण? बिऱ्हाडाची चिंता त्या मंडळींना क्वचितच पडली असेल.

आपणहोऊन शहर निवडण्याचा ठळक प्रसंग आला तो 1880 साली. चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि आगरकर लवकरच त्यांस येऊन मिळाले. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथील आजीव सभासदांचे वेतन महिना 75 रुपये. सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळविण्याची ज्यांची योग्यता, त्यांनी ते पत्करले. धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण तर मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली पदवी घेऊन ते मुंबईतच निरनिराळ्या शाळांतून गणित शिकवीत होते. 1891 साली फर्ग्युसनचे बोलावणे आले आणि ते पुण्यास गेले. पुढे अनाथ बालिकाश्रम, हिंगणे व 1916 सालचे महिला विद्यापीठ हे सारे त्या स्थलांतरानंतरचे होय. मुंबईत राहते तर जमाखर्च बहुधा बरा राहिला असता.

पण पुण्याच्या शिक्षणसंस्थांत असे किती जण सामावणार? उरलेल्यांना संस्थानांचा मोठा आधार होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास येथे दरबारांत मराठी माणसांची वहिवाट जुनी. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या हाती 1881 साली पूर्ण अधिकार आले व शिक्षण, ग्रंथालये यांस बहर आला. सुशिक्षित तरुणाने बडोद्याची गाडी धरावी, हा त्या काळी शहाणपणाचा सल्ला गणला जात असे.

अशीच गाडी 1913 साली एका पदवीधराने धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराने त्यांना मुंबईस परतावे लागले. नंतर बडोदे सरकारचीच शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, लंडनला गेले आणि करारानुसार 1917 साली पुन्हा बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. हुद्दा मोठा, विद्या तर त्याहून मोठी. पण शहरात त्यांना कोणी जागा देईना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात ते उतरले. त्यांनी स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले. दोघांनीही अडचण सांगितली. अखेर गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून काढून ते मुंबईस परतले. 1918 साली ते सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार, पद, राजाचा लोभ हे सर्व असूनही एका खोलीवाचून हे शहर त्यांच्या हातून सुटले. हुद्देदाराला जागा नाकारतो कोण, असे आम्ही वर विचारले आहे. त्याचे उत्तर हे आहे.

ही अडचण विद्यार्थ्यांपुरती का होईना, राजर्षी शाहू महाराजांनी आधीच हेरली होती. 1901 सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. शेतकऱ्याचा मुलगा त्यामुळे शहरात टिकला. ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांचा हा उपाय गरजेतून निघाला व त्याने हजारोंचे कल्याण झाले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र आपल्यांसाठी उघडणारे दार इतरांसाठी बंद असते, हेही त्याच व्यवस्थेत आले, ते स्मरणिकेत लिहावयाचे नाही काय?

मुंबईचे बळ मात्र निराळे. येथे एका कारकुनाची गिरगावातील खोली म्हणजे आख्ख्या गावाची धर्मशाळा. भाचा येई, पुतण्या येई, पुतण्याचा मित्र येई. सामान कॉटखाली, अंथरूण गॅलरीत, जेवण खाणावळीत. नोकरी लागली की त्याने दुसरी खोली पाहावयाची आणि तेथे आणखी दोघांना आणावयाचे. जुन्या ट्रंका उघडून पाहिल्या तर ‘तूर्त आमच्याकडे उतरावे’ या अर्थाची पत्रे आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघतील. 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. 1928 साली चर्चगेट–बोरिवली मार्गावरही ती धावू लागली. त्याबरोबर बिऱ्हाडे दादर, पार्ले अशी उत्तरेस सरकली. 1947 सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने जुने भाडेकरू निर्धास्त झाले. नवख्यास मात्र पगडीवाचून खोली मिळेनाशी झाली. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड डोंबिवलीस, हा संसार तेथूनच रूढ होत गेला.

नागपूरकरांची कथा वेगळी. 1956 साली मध्य प्रदेशाची राजधानी तेथून गेली. 1960 पासून विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा मान राहिला, परंतु सचिवालयातील नोकऱ्यांसाठी डोळे मुंबईकडे लावावे लागले. मराठवाड्याचे पदवीधर पूर्वी हैदराबादेस जात. 1956 नंतर तेही पश्चिमेकडे वळले. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ झाले आणि पेन्शनरांचे पुणे तंत्रज्ञांचे झाले. मुंबईच्या गिरण्यांचा 1982 चा संप व पुढे हिंजवडीची संगणककेंद्रे यांनी तोल आणखी कलला.

मुलींचे काय? पूर्वी मामा किंवा आत्या ज्या गावी, तेच मुलीचे शहर. आज ती एकटी बंगळूरास जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घर शोधताना घरमालक कित्येकदा भाड्याआधी आडनाव विचारतो, असे पुष्कळ तरुणांकडून आम्ही ऐकतो.

म्हणून एक सूचना येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही मांडणार आहोत. पुणे, मुंबई, बंगळूर येथील ज्या सभासदांना नवख्या पदवीधरास महिना-दोन महिने जागा देता येईल, त्यांची यादी कार्यकारिणीने तयार करावी. आणि जागेसाठी करावयाच्या अर्जात ज्ञातीचा रकाना ठेवू नये. या दुसऱ्या भागावर वाद होईल, हे आम्ही जाणतो. सभासदांनी सभेस अवश्य यावे.