शिकाऊ वैमानिकाची कॅसेट

आमच्या घरी अब्बांच्या आवाजाची एक जुनी कॅसेट आहे. ते नात म्हणताहेत, मध्येच कपबशी वाजते, अम्मी कुणाला तरी हाक मारते. अब्बा गेल्यावर आम्ही ती ऐकायला बसतो, ती त्या कपबशीसाठीच. टेपरेकॉर्डरला महत्त्वाचं काय ते कळत नाही, म्हणून तो सगळंच ठेवून घेतो.

आज सांगतोय ती गोष्टही एका कॅसेटचीच आहे, पण दूर अमेरिकेतली. २९ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियात रिचमंड गावाजवळ एक छोटं हेलिकॉप्टर हवेतच तुटून कोसळलं. आत दोघं होते, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. दोघंही गेले.

हेलिकॉप्टर होतं 'रॉबिन्सन आर-२२'. फ्रँक रॉबिन्सन या इंजिनिअरने १९७३ मध्ये स्वतःच्या घरातच कंपनी सुरू केली. १९७५ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा उडालं आणि १९७९ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. दोनच माणसं बसतात आणि माणसं, इंधन धरून वजन सव्वासहाशे किलोच्या आत. परवडणारं, म्हणून उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांनी ते उचलून धरलं.

मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझी फारकत शाळेतच झाली. तरी जे समजलं ते सांगतो. याच्या डोक्यावर दोनच पाती. ती तराजूच्या दांडीसारखी मधोमध टांगलेली असतात, एक वर गेलं की दुसरं खाली येतं. पाती हलकी, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी झाला की ती झटकन मंदावतात. सावरायला वैमानिकाला मिळतो जेमतेम एखादा सेकंद. दुसरा धोका वेगळा. हातातला दांडा एकदम पुढे ढकलला तर क्षणभर यंत्राचा भारच नाहीसा होतो, ते एका अंगाला कलतं. घाबरून उलट दिशेने दांडा ओढावा, तर तराजू इतका झुकतो की त्याचा मधला भाग खालच्या खांबावर आदळतो. मग पातं आपल्याच शेपटीला किंवा केबिनला कापत जातं.

अशा अपघातांतून सहसा कुणी वाचत नाही. छोट्या हेलिकॉप्टरला ब्लॅक बॉक्सची सक्ती नव्हती. मागे उरायचे ते तुकडे. तुकड्यांवरून पात्याने शेपूट कापली हे दिसायचं, का कापली हे दिसायचं नाही. मग वैमानिकाने पाती मंदावू दिली असतील, असा अंदाज केला जायचा. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही.

रिचमंडचा शिकाऊ मात्र आपला धडा छोट्या टेपरेकॉर्डरवर टेप करत होता. ती टेप तपास करणाऱ्यांच्या हाती लागली. त्यांनी काय ऐकलं? शिक्षक बोलतोय, घाई नाही, भीती नाही, आपण वर्गात बोलतो तसा. पाती मंदावली की वाजणारा धोक्याचा भोंगा वाजलेला नाही. आणि बोलता बोलता आवाज तुटतो. पुढे वाऱ्याचा घोंघाट.

त्या न वाजलेल्या भोंग्याने तपासाची दिशाच बदलली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा जुन्या अपघातांची कागदपत्रं पुन्हा काढली, पात्यांची गणितं संगणकावर मांडून पाहिली. १९९५ मध्ये नियम आला: या धोक्यांचं खास शिक्षण घेतल्याशिवाय आर-२२च्या दांड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि नवशिक्याने शिक्षकासोबत वीस तास उडाल्याशिवाय एकट्याने उडायचं नाही. १९९६ च्या अहवालात मंडळाने म्हटलं की, बऱ्याच अपघातांमागे वैमानिकाने दांड्याला दिलेला मोठा, अचानक झटका असावा. म्हणजे पुन्हा हातावरच बोट! पण या वेळी शेजारी आणखी एक गोष्ट लिहिली होती. हे यंत्र हाताला फारच चटकन प्रतिसाद देतं, आणि अशा यंत्रांना मान्यता देण्याचे निकषच वेगळे हवेत. मला हा अहवाल त्या एका जोडीसाठी आवडतो. नुसता हात दोषी ठरवणं सोपं होतं.

आणि खुद्द रिचमंडचा निकाल? पाती आपली पातळी सोडून शेपटीवर आदळली, कारण अनिश्चित. टेप होती, तरीही अनिश्चित. दांडा त्या क्षणी कुणाच्या हातात होता, कुठे वळला, हे आवाजातून कळत नाही.

२०१६ मध्ये न्यूझीलंडच्या तपास आयोगाने आपल्या चिंतेच्या यादीत रॉबिन्सन हेलिकॉप्टरांचं नाव घातलं, याच खांबावर आदळण्याच्या अपघातांसाठी. पुढे कंपनीने आपल्या काही नव्या हेलिकॉप्टरांत वैमानिकाजवळ एक छोटा कॅमेरा बसवायला सुरुवात केली. तो चित्र घेतो आणि आत चाललेलं बोलणंही टिपतो.