न्याहारी, नहर आणि बहार

सकाळच्या पहिल्या खाण्याला मराठी माणूस न्याहारी म्हणतो. शब्द फारसीतला. ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे आजही औषध ‘नहारमुँह’ घ्यायला सांगतात, तो हाच शब्द. शेताच्या बांधावर भाकर-कांदा सोडून बसलेल्या कुणब्याला न्याहारी कोणत्या भाषेतली असे विचारले तर तो मराठी म्हणेल, आणि ते खोटे नाही.

आमच्या शहरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, अलीकडे न्याहारीला फळे खाण्याची टूम आली आहे. फळे शेतकऱ्याकडूनच घ्यायची, ती सेंद्रिय हवीत, हंगामी हवीत. टूम चांगलीच आहे. कार्बाइडने एका रात्रीत पिवळा केलेला आंबा खाण्यापेक्षा केव्हाही बरी. पण ती नवी आहे असे समजणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगावासा वाटतो. ‘हंगाम’ हाही फारसी शब्द आहे, हे जाता जाता.

मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दौलताबादला राजधानी हलवली. पुढे १३४२ नंतर इब्न बतूता या बाजूने गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात दौलताबादच्या मुलखातली द्राक्षे आणि डाळिंबे मुद्दाम नोंदवली आहेत; ती वर्षातून दोनदा येतात, असे तो म्हणतो. थंड देशातल्या वाचकाला ही थाप वाटेल. मराठवाड्यातल्या बागाईतदाराला वाटणार नाही, कारण त्याला बहार माहीत आहे.

डाळिंब, मोसंबी, पेरू ही झाडे आपल्या हवेत जवळजवळ वर्षभर फुलू शकतात. सतत फुलली तर फळ थोडे आणि हलके येते. म्हणून शेतकरी काही आठवडे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पाने गळतात, झाड मेल्यासारखे दिसते. मग खत घालून पाणी सोडले की एकदम फूल येते. जानेवारी-फेब्रुवारीत येते तो आंबे बहार, पावसाच्या तोंडावरचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. मृग आणि हस्त ही पंचांगातली नक्षत्रे, आंबे नाव आंब्याच्या मोहोरावरून, आणि ‘बहार’ फारसी. ही जोडी कोणा पंडिताने किंवा मौलवीने लावलेली नाही. मोटेवर आणि पाटावर काम करणाऱ्यांनी ती लावली, म्हणून टिकली.

आंबे बहार धरायचा तर उन्हाळाभर पाणी हवे, आणि इथे मलिक अंबरचे नाव घ्यावेच लागते. हबशाणातून गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. त्याने १६१० साली खडकी वसवली आणि त्याच दशकात उत्तरेच्या डोंगरांतले झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीने शहरात आणले. जमीन वरून खाली उतरते तेवढ्याच जोरावर पाणी चाले. मोट नाही, रहाट नाही. मागाहून आणखी नहरी झाल्या. या पाण्यावर हौद भरले, पाणचक्कीचे जाते फिरले आणि बागा उभ्या राहिल्या. दिल्ली दरवाजाजवळचा हिमायत बाग त्या मोगल काळातला; तिथे आता कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. नहरींवर मात्र घरे आणि रस्ते चढले, ठिकठिकाणी त्या बुजल्या. शहर पैठणच्या जायकवाडीकडे तोंड करून बसले.

सीताफळाची गोष्ट वेगळी. त्याला नहर लागत नाही; दौलताबादच्या खडकाळ उतारावर ते पावसाच्या पाण्यावर येते. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हे झाड मूळ अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर आलेले. आल्यावर त्याला सीतेचे नाव मिळाले आणि त्याचे मूळ गाव कोणी विचारले नाही. सगळ्यांनाच असे नशीब लाभत नाही! पावसाळा सरता सरता किल्ल्याच्या वाटेवर बाया टोपल्या घेऊन बसतात. डोळे उघडलेले सीताफळ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, म्हणून ते खरोखरच जवळच्या माणसांचे फळ आहे.

आता बागवानांबद्दल. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. ‘मधला दलाल हटला’ असे सगळीकडे लिहिले गेले. मराठवाड्यात फळांच्या व्यापारातला हा मधला माणूस पुष्कळदा बागवान असतो. बागवान म्हणजे बाग राखणारा; आपल्यातली ही बिरादरी, महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत असलेली. काही जणांनी शेतकऱ्याला नाडले असेल, आम्ही वकिली करत नाही. पण मोसंबीची बाग झाडावरच उक्ती घेणारा बागवान पैसे आधी मोजतो, राखण करतो, तोडणी करतो. सौद्यानंतर पडलेली गार त्याच्या अंगावर पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने बागा झोडपल्या. अशा वर्षी थेट विकणाऱ्या शेतकऱ्याचा तोटा वाटून घ्यायला कोणी नसते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना-औरंगाबादच्या मोसंबीवाल्यांनी टँकरच्या पाण्याने झाडे जगवली, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांनी ती तोडून सरपणाला घातली.

थेट बाजारातून आणलेल्या फळाला आम्ही जरूर पसंती देतो. तिथे गोड आहे का, असे विचारणारे गिऱ्हाईक पुष्कळ. मोसंबी आंब्याची की मृगाची, असे विचारून पाहावे. दिवाळीच्या आसपासची बहुधा आंबे बहाराची असते, फेब्रुवारी-मार्चमधली मृगाची. विकणारा शेतकरी असला तर त्याचा चेहरा खुलतो, बागवान असला तरी खुलतो, आणि मग विहिरीला पाणी किती राहिले तेही तो सांगतो.