जोडीदार बदलली, विजेतेपद तेच!

मित्रांनो, तुलना कशी करायची हे समजून घ्यायला आज प्रयोगशाळा सोडून बर्फावर जाऊया.

कोर्टनी जोन्स हे ब्रिटनचे आइस डान्सर. १९५७ आणि १९५८ साली जून मार्कहॅम यांच्यासोबत ते विश्वविजेते झाले. मग मार्कहॅम निवृत्त झाल्या. १९५९ आणि १९६० साली डोरीन डेनी यांच्यासोबत जोन्सना पुन्हा तेच विजेतेपद मिळालं!

तुम्ही पटकन म्हणाल, 'जोडीदार बदलली तरी निकाल तोच, म्हणजे श्रेय जोन्स यांचंच.' जरा थांबा. १९५२ साली जागतिक स्पर्धेत आइस डान्सचा अधिकृत समावेश झाला. तेव्हापासून १९६० पर्यंतची सगळी विजेतेपदं ब्रिटिश जोड्यांनीच जिंकली. म्हणजे एक गोष्ट बदलली खरी, पण देश, तिथली शिकवण, परंपरा या गोष्टी तशाच राहिल्या. मग श्रेय नेमकं कशाचं?

पुढे जोन्स पंच झाले. ते फॅशन डिझायनरही होते. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिम्पिकमधले टॉर्व्हिल आणि डीन यांचे 'बोलेरो'चे प्रसिद्ध पोशाख त्यांचेच. यात काही गैर आहे असं नाही. पण अशा माणसाच्या आठवणी वाचताना विचारायचं: इथे कोण बोलतंय? खेळाडू, पंच की डिझायनर?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुम्ही आधीच विचारा.