वाचनाची परीक्षा आणि पाठ केलेलें पुस्तक

मूल हातांत पुस्तक धरून भराभर वाचूं लागलें, कीं कोणाही पालकास समाधान वाटतें. परंतु तें खरोखर वाचीत आहे, कीं पाठ केलेलें म्हणत आहे? प्रश्न किरकोळ दिसतो खरा. पण त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याचें फळ इंग्लंडमधील प्राथमिक शाळांनीं सुमारें तीस वर्षें भोगलें.

इ. स. १८६२ मध्यें तेथें सरकारी अनुदानाची नवी संहिता आली. तिचे जनक रॉबर्ट लो. पुष्कळ मुलें धड वाचावयास न शिकतांच शाळा सोडतात, असें न्यूकॅसल आयोगानें १८६१ सालीं दाखविलें होतें; तेव्हां सरकारी पैशाचें चीज व्हावें, हा लो यांचा आग्रह अगदींच गैर नव्हता. त्यांनीं योजिलेला उपाय मात्र विलक्षण होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागें ४ शिलिंग. आणि सहा वर्षांवरील मूल नियमित येऊन वाचन, लेखन व गणित यांत उत्तीर्ण झालें, तर आणखी ८ शिलिंग. एका विषयांत तें नापास झालें, कीं २ शिलिंग ८ पेन्स कापले जात!

वाचनाच्या सहा पायऱ्या ठरल्या. पहिलीस एकाक्षरी शब्दांची गोष्ट, पांचवीस कवितेच्या कांहीं ओळी. दुसरीपासून पांचवीपर्यंतचा उतारा शाळेंत चालणाऱ्या पुस्तकांतलाच असे. वर्तमानपत्रांतला अपरिचित उतारा सहावीस, आणि सहावीपर्यंत फार थोडीं मुलें पोंचत. मग शिक्षकानें काय करावें? तेंच पुस्तक वर्षभर घोटून घ्यावें! पोट त्यावर अवलंबून असल्यावर त्यास दोष तरी कसा द्यावा?

प्रसिद्ध कवि व टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळा तपासनीस होते. सरकारी नोकरींत असतांनाच त्यांनीं १८६२ सालीं या योजनेवर टीका केली. मुलें खरें वाचन न येतांही वाचनांत उत्तीर्ण होऊं शकतात, असें पुढें त्यांनीं आपल्या अहवालांतूनही बजाविलें. इकडे सरकारचा खर्च मात्र कमी झाला: १८६१ मधील सुमारें ८ लक्ष १३ हजार पौंडांचें अनुदान १८६५ सालीं सुमारें ६ लक्ष ३७ हजारांवर आलें. १८९० नंतर ही पद्धति क्रमाक्रमानें मोडीत निघाली.

आपल्याकडेही ती अपरिचित नव्हती. एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्यांतील खाजगी शाळांना निकालावर अनुदान मिळे, आणि दिपोटी येणार म्हटलें, कीं शाळेची झोंप उडे.

यांतून परीक्षाच नको, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. परीक्षा हवीच, पण ती कशासाठीं, हें आधीं ठरलें पाहिजे. मुलापुढें न पाहिलेला उतारा ठेवावा. वाचल्यावर मतलब त्याच्याच शब्दांत विचारावा. तें कोठें अडखळलें, याची टिपण ठेवावी आणि उद्यांचा धडा त्या टिपणावरून आंखावा. परीक्षेनें शिक्षकास वाट दाखवावी. त्याची मजुरी मोजण्याचा ती कांटा झाली, कीं पुस्तक पाठ होतें आणि वाचन राहून जातें.