कोकम-अर्काच्या अभ्यासाचा इतिहास

कोकम : (रातांबा, भिरंड, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी). कोकण, गोवा व पश्चिम घाट या प्रदेशांतील सदापर्णी वृक्ष. फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. सालीवर फळाच्याच रसाची पुटे देऊन ती उन्हात वाळविली म्हणजे आमसूल होते. रसात मीठ घालून आगळ तयार करतात. दोन्ही पदार्थ दीर्घकाळ टिकतात. बियांतील मुठेल तळपायांच्या भेगांवर लावतात. आयुर्वेदात कोकमास वृक्षाम्ल म्हणतात.

हल्लीचे मीरा-भाईंदर ज्या साष्टी बेटाच्या उत्तर भागात आहे, ते 1534 पासून पोर्तुगीजांच्या वसई प्रांतात मोडत असे; 1737 मध्ये ते मराठ्यांनी घेतले. 1534 मध्येच भारतात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सीया द ऑर्ता याच्याकडे पुढे मुंबई बेट होते. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या त्याच्या संवादात्मक ग्रंथात ‘ब्रिंडाव’ या फळाचे वर्णन आढळते. रंगारी ते वापरीत व त्याच्या सालीपासून सिरका करीत, असे तो नमूद करतो. गार्सिनिया हे प्रजातिनाम मात्र त्याच्यावरून नव्हे, तर लॉरां गार्सां या निसर्गशास्त्रज्ञावरून पडले आहे.

टिकाऊपणाचा हा अनुभव प्रयोगशाळेत पारखला जाण्यास बराच काळ लागला. मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेतील कृष्णमूर्ती, लुईस व रवींद्रनाथ यांनी 1981 मध्ये सालीतील गार्सिनॉल या पिवळ्या द्रव्याच्या संरचनेविषयी संशोधन प्रसिद्ध केले. गार्सिनॉलाचा प्रतिऑक्सिडीकारक गुण 2000 मध्ये जपानी संशोधकांनी दाखविला. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीची वाढ व तिच्यापासून होणारी अफ्लाटॉक्सिनाची निर्मिती कोकमाच्या अर्काने रोखली जाते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अर्काचा प्रतिऑक्सिडीकारक गुणही त्यात तपासला होता. भुईमूग, मका इत्यादींवर वाढणाऱ्या या बुरशीचे विष यकृतास घातक व कर्करोगकारक असल्याने या निष्कर्षास महत्त्व आहे.

तथापि प्रयोगशाळेतील अर्क विद्रावकांनी काढलेला व संहत असतो. आमसुलाचे सार वा सरबत म्हणजे तो अर्क नव्हे. बुरशीच्या संवर्धनावरील परिणाम मनुष्याच्या रोगावरील उपचार ठरत नाही. धान्यरक्षणासाठी वापरण्यापूर्वीही मात्रा, सुरक्षितता व खर्च यांची परीक्षा आवश्यक असते.

दापोली येथील कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ हा कोकमाचा वाण 1997 मध्ये प्रसृत केला.